एक विमान कायम आभाळात ठेवायचं तर किती विमानं आणि किती माणसं लागतात: नवख्यांसाठी हिशोब

टीव्हीवर सारखं ऐकतो ना आपण, "चोवीस तास नजर ठेवली जाणार". ऐकायला बरं वाटतं, पण हे वाक्य बोलणाऱ्याला कोणी विचारत नाही की बाबा, त्यासाठी विमानं किती लागतात आणि त्यात बसणारी माणसं किती. मी काही फौजी नाही, आधीच सांगतो. मी बारा वर्षं एका बस काँट्रॅक्टरकडे तिन्ही शिफ्टच्या गाड्या लावायचं काम केलं, कारखान्यातली माणसं आणायची-सोडायची, आणि विमानांचं वेड लहानपणापासूनचं, म्हणून हे दोन्ही एकत्र आलं. खरं सांगू का, विमानाच्या गस्तीचा हिशोब आणि थर्ड शिफ्टच्या बसचा हिशोब यात फरक फारसा नाही, फक्त बस बंद पडली तर रस्त्याच्या कडेला उभी करता येते.

हे कोणासाठी? वॉरगेम खेळणारे, डिफेन्सवर लिहू बघणारे, एखादी कथा रचणारे, किंवा नुसतंच डोक्यात किडा असलेले. सगळी माहिती उघड आहे, आणि जिथे आकडा मी सोयीसाठी धरलाय तिथे "धरू" असं म्हटलंय, तो तुम्ही बदलून बघा.

उदाहरण आपल्या जवळचंच घेऊ. गोव्यात दाबोळीला आयएनएस हंसा आहे, तिथे नौदलाची पी-८आय, म्हणजे समुद्रावर नजर ठेवणारी विमानं असतात, ३१६ नंबरची स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) तिथे मार्च २०२२ मधे सुरू झाली, त्याच्याआधीपासून तमिळनाडूत अरक्कोणमला ३१२ नंबरची आहे. एकूण विमानं १२. मूळ सांगाडा बोईंग ७३७-८०० चा, म्हणजे तुम्ही-आम्ही पुण्याहून दिल्लीला जातो त्याच जातीचा, आत मात्र रडार, सोनोबॉय (पाण्यात टाकून पाणबुडीचा आवाज ऐकायची यंत्रं) आणि टॉर्पेडो. या विमानाचा जाहीर आकडा असा की तळापासून १२०० नॉटिकल मैलांवर जाऊन ४ तास तिथे घिरट्या घालून परत येता येतं. हा आकडा लक्षात ठेवा, सगळा हिशोब यातूनच निघतो.

पायरी १: उलटीकडून मोजायला लागा

नवखा माणूस पहिली चूक इथेच करतो, तो म्हणतो माझ्याकडे १२ विमानं आहेत, चला वाटून टाकू. असं नाही. आधी समुद्रातली जागा ठरवा, तिथे किती वेळ कोणीतरी हवं ते ठरवा, आणि तिथून मागे तळाकडे या. बसचंही तसंच, कारखान्याचा भोंगा किती वाजता होतो ते आधी, डेपोत गाड्या किती ते नंतर.

समजा दाबोळीपासून पश्चिमेला ६०० नॉटिकल मैलांवर, म्हणजे साधारण ११०० किलोमीटरवर, अरबी समुद्रात एक जागा आहे आणि तिथे एक पी-८आय कायम हवं. प्रवासाचा वेग ४४० नॉट, म्हणजे ताशी ४४० नॉटिकल मैल धरू. तर जायला सव्वा तासाच्या वर, चढणं-उतरणं धरून दीड तास. यायलाही दीड. वरच्या जाहीर आकड्यावरून एकूण उड्डाण साडेनऊ तासांचं पडतं (१२०० मैलांना जायला-यायला मिळून साडेपाच तास, अधिक ४). म्हणजे आपल्या जागेवर साडेसहा तास हातात राहतात.

पायरी २: पहारा हातात द्यायला वेळ सोडा

साडेसहा तास आहेत म्हणून साडेसहाने भागू नका. जुनं विमान निघायच्या आधी नवं तिथे पोचलेलं पाहिजे, खाली काय चाललंय ते समजून घेतलेलं पाहिजे, कुठलं जहाज बघून झालं, कुठलं नाही, सोनोबॉय कुठे टाकलेत. याला अर्धा तास धरू. उरले ६ तास. २४ भागिले ६, दिवसाला ४ उड्डाणं.

अमेरिकेने हे सलग २९ वर्षं करून दाखवलंय. त्यांच्या अणुबॉम्बर सांभाळणाऱ्या स्ट्रॅटेजिक एअर कमांडचं लुकिंग ग्लास नावाचं उडतं कमांड पोस्ट होतं, ३ फेब्रुवारी १९६१ पासून २४ जुलै १९९० पर्यंत एक तरी विमान कायम हवेत, आठ-आठ तासांच्या पाळ्या, नेब्रास्कातल्या ऑफट तळावरून. आत एक जनरल बसलेला, आणि नियम असा की बदलीचं विमान वर गेल्याशिवाय आधीचं उतरायचं नाही. हवामान खराब, बदली येत नाही, तर थांबा तिथेच. आमच्याकडे वॉचमनला हाच नियम असतो, रिलीव्हर आल्याशिवाय गेट सोडायचं नाही, आणि रिलीव्हर दारू पिऊन घरी झोपलेला असला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

पायरी ३: वेळापत्रक कागदावर काढा, नुसता भागाकार नको

हे मी जोर देऊन सांगतो कारण भागाकार खोटं बोलतो. कागद घ्या.

पहाटे ४ ला विमान क्रमांक एक उडालं. साडेपाचला जागेवर. दुपारी १२ ला तिथून निघालं, दीडला दाबोळीला उतरलं. दोन नंबरचं सकाळी १० ला उडालं, साडेअकराला जागेवर, अर्धा तास दोघं एकत्र, बारा वाजता पहिल्याने टाटा केला. तीन नंबरचं दुपारी ४ ला. आता रात्री १० ची पाळी कोणाची? एक नंबर दुपारी दीडला आलंय. इंधन, टायर-ऑइल तपासणी, सोनोबॉय भरणं, बारीकसारीक दुरुस्ती, याला साडेचार तास धरू, म्हणजे संध्याकाळी ६ ला ते तयार. दहाला उडू शकतं, मधे ४ तास श्वास घ्यायला.

म्हणजे ३ विमानांत चाक फिरतं, प्रत्येक विमान दर १८ तासांनी उडतं. हा जो ४ तासांचा श्वास आहे तोच तुमची खरी श्रीमंती. एखादं रडार रुसलं, एखादा पंप गळला, चार तासांत निपटलं तर समुद्रावरच्याला कळतही नाही. साडेचारच्या जागी नऊ तास लागले की मात्र एक पाळी बोंबलली.

आता तीच जागा १२०० मैलांवर न्या आणि बघा गंमत. जागेवर ४ तास, हातबदलीचा अर्धा गेला, उरले साडेतीन. दिवसाला ७ च्या आसपास उड्डाणं. विमानाचं चक्र तेच १४ तासांचं (साडेनऊ उडायचे, साडेचार तयारीचे), १४ भागिले साडेतीन म्हणजे बरोबर ४ विमानं, पण श्वास शून्य, त्यामुळे खरं तर ५. अंतर दुप्पट झालं म्हणून उड्डाणं दुप्पट झाली नाहीत एवढाच काय तो दिलासा. पण उड्डाणाचे तास बघा: ६०० मैलांना २४ तासांच्या नजरेसाठी ३८ तास उडावं लागतं, १२०० मैलांना ६५. जास्तीचं सगळं नुसतं येण्या-जाण्यात जळतं.

पायरी ४: स्पेअर, आणि हँगरमधली विमानं

तीन फिरती, अधिक एक स्पेअर, इंधन भरून, क्रू जवळ बसवून, तयार. दहातलं एक उड्डाण धावपट्टीवरच रद्द होतं असं धरलं तर दिवसाला ४ उड्डाणांत दर अडीच दिवसांनी स्पेअर लागणारच. स्पेअर ठेवणं म्हणजे पैसे वाया असं मालकाला वाटतं, आमच्याही मालकाला वाटायचं, एका दिवाळीत त्याने स्पेअर गाडी लग्नाच्या भाड्याला पाठवली आणि त्याच पहाटे एका बसचं क्लच गेलं, साठ माणसं हायवेला थंडीत उभी. असो.

तर ४ विमानं उडायच्या लायकीची पाहिजेत. पण ताफ्यातली सगळी विमानं रोज लायकीची नसतात, काही मोठ्या तपासणीत उघडी पडलेली, काही एका पार्टसाठी अडलेली. १०० तली ६० उपलब्ध धरू. ४ भागिले ०.६, म्हणजे पावणेसात, ७ विमानं. एक आभाळात ठेवायला सात. अमेरिकन हवाईदल तर रीपर ड्रोनचा एक पहारा म्हणजे ४ ड्रोन असा सरळ ठोकताळाच धरतं, आणि ड्रोन तर एका दमात कितीतरी जास्त उडतं.

इथे एक सापळा आहे आणि तो जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचं कोस्टल कमांड अटलांटिकवर जर्मन पाणबुड्या शोधायचं, आणि वरून हुकूम असा की स्क्वाड्रनची ७५ टक्के विमानं कायम तयार दिसली पाहिजेत. सेसिल गॉर्डन म्हणून एक शास्त्रज्ञ होता, मूळचा जनुकशास्त्राचा माणूस, माश्यांवर वगैरे काम करणारा, त्याने दाखवून दिलं की हा हुकूमच उलटा आहे. विमानं तयार दिसायला हवीत तर सोपा उपाय कोणता? उडवूच नका! उडालं की बिघडणार, बिघडलं की टक्केवारी पडणार. त्याने ५०२ नंबरच्या स्क्वाड्रनवर प्रयोग केला, उद्देश बदलला, तयार किती यापेक्षा मेकॅनिकचे हात रिकामे राहता कामा नयेत आणि उड्डाणाचे तास किती निघतात ते बघायचं. तीच विमानं, तीच माणसं, आणि उड्डाणाचे तास जवळपास दुप्पट. तेव्हा उपलब्धतेचा टक्का कोणी छाती फुगवून सांगितला की लगेच विचारा, तास किती उडवले?

त्याच गोटातला दुसरा जीवशास्त्रज्ञ वॉडिंग्टन. त्याला आकड्यांत दिसलं की ५० तासांच्या ठरलेल्या तपासणीनंतर लगेच बिघाड कमी होण्याऐवजी वाढतात आणि मग हळूहळू कमी होतात. म्हणजे चांगलं चाललेलं उगाच उघडून बिघडवलं जात होतं. मी हे वाचलं तेव्हा खुर्चीत उडालोच, कारण आमचे ड्रायव्हर हेच म्हणायचे, साहेब सर्व्हिसिंगहून आलेली गाडी पहिल्या दिवशी मला देऊ नका. मी त्यांना आळशी समजायचो.

पायरी ५: तासांची चाळण

सात विमानं आली म्हणून खूश होऊ नका. ही सात फक्त चक्र फिरवायला पुरतात, ते किती दिवस फिरवणार हा वेगळा प्रश्न आहे. दिवसाला ३८ तास गुणिले ३६५, वर्षाला १३,८७० उड्डाणतास. आता तुलना करा: २०२३ मधे बोईंगने सांगितलं की भारताच्या पी-८आय ताफ्याने पहिलं विमान आल्यापासून, म्हणजे २०१३ पासून, ४०,००० तास पूर्ण केले. दहा वर्षांचे मिळून चाळीस हजार, आणि आपण समुद्रातल्या एका ठिपक्यासाठी वर्षाला जवळपास चौदा हजार मागतोय!

एका विमानाने वर्षाला ६०० तास उडायचं असं धरलं (सुटे भाग, इंजिनाचं आयुष्य आणि पैसे बघून असा कोटा ठरतो) तर १३,८७० भागिले ६००, म्हणजे २४ विमानं. सात नाही, चोवीस. दोन्ही चाळण्यांतून जो आकडा मोठा तो खरा. दहा दिवसांची निकड असेल तर सातवर भागतं, एकेका विमानाला चोपन्न-पंचावन्न तास पडतील, चालून जातं. पण वर्षभर म्हणाल तर चोवीस.

म्हणूनच प्रत्यक्षात शहाणी माणसं रिकाम्या समुद्रावर वर्षभर विमान टांगत नाहीत. किनाऱ्यावरची रडारं, जहाजं स्वतःची जागा सांगतात ते सिग्नल, गुरुग्रामला बसून हे सगळं एकत्र बघणारं केंद्र, यातून संशय कुठे ते आधी काढतात आणि मग विमान पाठवतात. सलग पहारा नेमक्या वेळेपुरता. जानेवारी २०२४ मधे सोमालियाजवळ लीला नॉरफोक जहाजावर चाचे चढले, आत २१ माणसं, त्यातले १५ भारतीय, तेव्हा नौदलाचं विमान ५ तारखेला पहाटे डोक्यावर पोचलं आणि मग विमान, ड्रोन, हेलिकॉप्टर आलटून-पालटून नजर ठेवत राहिले, तोवर आयएनएस चेन्नई तिथे गेली. काम काही तासांचं, पण त्या काही तासांसाठीसुद्धा वरचंच वेळापत्रक मांडावं लागतं.

पायरी ६: माणसं, जिथे सगळे आपटतात

विमान धातूचं असतं, त्याला झोप लागत नाही. पी-८ मधे नऊ जण धरू, दोन पायलट आणि मागे कन्सोलवर बसणारे.

साडेनऊ तासांच्या उड्डाणासाठी माणूस तीन तास आधी येतो, ब्रीफिंग, हवामान, विमानाची पाहणी, आणि उतरल्यावर दीड तास रिपोर्ट. झाले १४ तास. पहाटे ४ च्या उड्डाणाचा क्रू रात्री १ ला हजर. म्हणजे उठला बाराला, झोपला कधी? आठला झोपायचं म्हणतात, पण घरात पोरं टीव्ही बघतायत, शेजारी वरात चाललीय, कोण झोपतंय. तळावर राहायची सोय करा, नाहीतर हा क्रू कागदावर ताजा आणि खुर्चीत अर्धा मेलेला असतो.

एका क्रूने तीन दिवसांत एकच उड्डाण करायचं धरू. दिवसाला ४ उडणारे आणि १ स्पेअरवर बसलेला, (बसलेला असला तरी त्याचा दिवस गेलाच, हे बरेच जण मोजायला विसरतात), म्हणजे ५ गुणिले ३, पंधरा क्रू. दुसऱ्या बाजूने ताळा घेऊ: महिन्याला ११४० तास, एका क्रूला महिन्याला ८० तासांची मर्यादा धरू, साधारण सव्वाचौदा, तेही पंधराच. नागरी पायलटला वर्षाला १००० तासांची कमाल मर्यादा असते आपल्याकडे, म्हणजे ८० हा आकडा हलका नाही, आणि ही माणसं नुसती विमान चालवत नाहीत, आठ-आठ तास हिरव्या स्क्रीनवर ठिपके बघतात.

आता रजा, आजारपण, कोर्स, बदल्या, बायकोचं बाळंतपण, आईचं ऑपरेशन. चारातला एक कायम नसतो असं धरा. पंधरा भागिले ०.७५, वीस क्रू. वीस गुणिले नऊ, १८० माणसं. आभाळात नऊ, पगारपत्रकावर एकशे ऐंशी. आणि हे फक्त उडणारे.

अमेरिकन हवाईदलाने ड्रोनच्या एका पहाऱ्यामागे दहा क्रू हवेत असं धरलेलं, किमान साडेआठ, आणि तेवढे न मिळाल्यामुळे त्यांची माणसं थकली, नोकऱ्या सोडून गेली. आपणही ऑक्टोबर २०२४ मधे ३१ एमक्यू-९बी ड्रोनचा करार केला, त्यातले १५ नौदलाला. ड्रोन तीस तासांच्या वर उडेल, पण जमिनीवर खुर्चीत बसणारा आठ तासांनी उठणारच. पायलट नाही म्हणजे माणसं नाहीत, हा गैरसमज काढून टाका.

शिफ्ट लावताना एक गोष्ट मी बसमधे शिकलो ती सांगतो: पाळी पुढे सरकवा, मागे नको. सकाळवाल्याला दुपार द्या, दुपारवाल्याला रात्र, शरीर ते सहन करतं. रात्रवाल्याला थेट सकाळ दिलीत की तो वळणावर डोळे मिटतो. आमच्या एकाने डबल मारून पहाटे पाचला बस गेटच्या खांबाला घासली, कोणाला लागलं नाही, पण ड्युटी लावणारा मी होतो आणि सही माझी होती.

आणि सराव विसरू नका. सतत घिरट्या घालणारा क्रू घिरट्या घालण्यात पटाईत होतो, टॉर्पेडो सोडायचं विसरतो. दहा-पंधरा टक्के तास सरावासाठी वेगळे काढा, ते वरच्या ३८ मधे नाहीत.

पायरी ७: खालची माणसं आणि धावपट्टी

मेकॅनिकच्या एका जागेवर चोवीस तास, सातही दिवस माणूस हवा असेल तर आठवड्याचे १६८ तास भागिले ४८, साडेतीन, त्यात रजा धरली की साडेचार, म्हणजे पाच. एका खुर्चीला पाच माणसं हे सूत्र कुठेही लावा, हॉस्पिटलला, टोलनाक्याला, कंट्रोल रूमला.

दाबोळीची धावपट्टी एकच, नागरी विमानंही तिथेच उतरतात, मोपाचा नवा विमानतळ सुरू झाल्यावरही. आठवड्याच्या दिवशी सकाळी नौदलाच्या सरावासाठी नागरी उड्डाणं बंद असतात, पण आपली चार पाळ्यांची वेळ त्यात बसते का ते बघावं लागेल. आणि जून ते सप्टेंबर कोकणातला पाऊस, धावपट्टी दिसतच नाही अशी वेळ येते, मग दुसरीकडे उतरायला इंधन राखून ठेवायचं, ते इंधन जागेवरच्या साडेसहा तासांतून कापलं जातं. सहाच उरले, हातबदली वजा जाता साडेपाच, की चारच्या जागी दिवसाला सव्वाचारच्या वर उड्डाणं. पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळंच काढा.

"हवेत इंधन भरू की" असं लगेच कोणीतरी म्हणतो. पहिली अडचण, आपल्या हवाईदलाच्या आयएल-७८ टँकरमधून (हवेत इंधन देणाऱ्या विमानातून) पाईपच्या टोकाला टोपली सोडतात आणि पी-८ ला टँकरने वरून त्याच्या पाठीत दांडा खुपसायची पद्धत लागते, दोघांचं जुळत नाही. दुसरी, जुळलं तरी क्रू तोच, तो पंधराव्या तासाला जहाजाला व्हेल म्हणेल. तिसरी, धोका. अमेरिकेने साठच्या दशकात क्रोम डोम नावाखाली अणुबॉम्ब घेतलेली बी-५२ बॉम्बर विमानं चोवीस-चोवीस तास हवेत ठेवली, आणि १७ जानेवारी १९६६ ला स्पेनमधे पालोमारेसवर इंधन भरताना बॉम्बर आणि टँकर धडकले, सात जण गेले, चार हायड्रोजन बॉम्ब खाली पडले. दोन वर्षांनी ग्रीनलँडमधे थूलेजवळ अजून एक बी-५२ कोसळलं आणि मग ते बंदच केलं.

सरावाला एक गणित देतो. आपल्या हवाईदलाकडे फाल्कन रडारची ए-५० जातीची अवाक्स, म्हणजे आभाळातून रडारने लांबवर बघणारी विमानं तीनच आहेत. या हिशोबाची एक शीट बनवा, जागेवरचे तास, हातबदली, तयारीचे तास, उपलब्धता भरा, आणि बघा तीन विमानांत एक कायम आभाळात किती दिवस टिकतं. उपलब्धतेच्या रकान्यात १०० टाकू नका, मी पहिल्यांदा तेच केलं होतं.